वळताना 'खट्' वाजतंय? कुठे ते नको, कधी ते विचारा

गाडी मागे घेताना स्टेअरिंग पूर्ण फिरवलं आणि पुढून कुठूनतरी 'खट्' आलं. सरळ रस्त्याला लागलात, सगळं शांत. पुढच्या चौकात वळलात, पुन्हा 'खट्'. मग गाणी बंद, पंखा बंद, काच खाली, मान बाहेर. आता मात्र आवाज येत नाही. मेकॅनिकला शेजारी बसवून चक्कर मारावी, तर गाडी शहाण्या मुलासारखी गप्प.

माझ्या जुन्या गाडीला हा आवाज लागला तेव्हा 'पुढून येतोय, डावीकडून येतोय' एवढ्या पुराव्यावर मी पुढचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले. गाडी छान चालायला लागली, आवाज जसाच्या तसा राहिला. शेवटी निघालं काय, तर उजवीकडच्या लिंक रॉड नावाच्या एका दांडीच्या टोकाचा गोटीएवढा जॉइंट झिजला होता. शॉकअप बिचारे निर्दोष होते आणि बाजूसुद्धा चुकीची धरली होती.

ही चूक बहुतेक सगळे करतात, कारण आवाज आला की पहिला प्रश्न सुचतो तो 'कुठून?' आणि या प्रश्नाचं उत्तर कान धड देऊ शकत नाही. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादातून ५,००० मीटरच्या आसपास. गाडीचा सांगाडा म्हणजे एकमेकांना जोडलेलं सलग पोलाद. चाकाजवळ जन्मलेली 'खट्' लोअर आर्ममधून, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या हातातून, सबफ्रेमवर, म्हणजे बॉडीखालच्या चौकटीवर, तिथून तळाच्या पत्र्यावर जाते आणि पत्रा जिथे ढोलासारखा वाजायला मोकळा असेल तिथे बाहेर पडते. तुम्हाला ती तुमच्या पायाशी ऐकू येते. तिचं माहेर तिथे असेलच असं नाही.

कान ज्याचं उत्तर पक्कं देतो तो प्रश्न वेगळा आहे: आवाज कधी येतो? नेमक्या कुठल्या क्षणी, आणि कुठल्या क्षणी अजिबात येत नाही?

वळणं ही एक गोष्ट नाही

आपण 'वळताना आवाज येतो' म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या घटना एका शब्दात कोंबलेल्या असतात.

पहिली: चाकांची दिशा बदलते. स्टेअरिंगचा दांडा फिरतो, रॅक ही आडवी दातेरी पट्टी सरकते, तिच्या टोकाचा टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो आणि चाक ज्याला लागलंय तो नकल बॉल जॉइंटवर, म्हणजे वाटीत बसलेल्या गोळ्यावर, फिरतो. बहुतेक गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग मिळून एकच उभा खांब. अर्ल मॅकफर्सन या अभियंत्याने १९४०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये एका लहान गाडीवर काम करताना ही कल्पना घडवली आणि तो फोर्डमध्ये गेल्यावर १९५०च्या सुमारास ती रस्त्यावर आली. सुटे भाग कमी, जागा कमी, खर्च कमी. त्यात एक मेख आहे: स्टेअरिंग फिरवलं की हा खांब स्प्रिंगसकट फिरतो. म्हणून त्याच्या डोक्यावर, बॉनेटखाली, रबराचं माउंटिंग आणि त्यात एक चपटं बेअरिंग बसवलेलं असतं. या बेअरिंगकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दुसरी घटना: वजन सरकतं. समजा गाडी १,२०० किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १५० सेंटिमीटर. वळणावर ती गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट जोराने बाहेर रेटली जात असेल, तर १,२०० × ०.४ × ५५ ÷ १५०, म्हणजे जवळपास १७५ किलोंचा भार आतल्या चाकांवरून उठून बाहेरच्या चाकांवर जातो. दोन-अडीच धडधाकट माणसांनी एका बाजूच्या सीटवरून दुसऱ्या बाजूला उडी मारावी तसं. या भाराखाली प्रत्येक बुश, म्हणजे जोडावरचं रबरी अस्तर, दबतं, प्रत्येक जॉइंट आपल्या जागेत एका कडेला जाऊन टेकतो. जागा झिजून मोठी झाली असेल, तर टेकताना आवाज होतो. सस्पेन्शनमधली 'खट्' बहुतेक वेळा एवढीच असते: ढिलेपणा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जातो आणि पोहोचल्याची वर्दी देतो.

तिसरी घटना फक्त ज्या गाड्यांची पुढची चाकं इंजिनाच्या जोराने फिरतात त्यांच्यात, म्हणजे आजच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत घडते. चाक वळलेलं असताना त्याला जोर पुरवायचा, तर ॲक्सलला वाकड्या कोनातून फिरावं लागतं. ते काम सीव्ही जॉइंट करतो.

तेव्हा शोधाची सगळी युक्ती या तीन घटना एकमेकींपासून सोडवण्यात आहे. एक घडू द्यायची, उरलेल्या दोन थांबवून ठेवायच्या आणि आवाज कुणाबरोबर जातो ते बघायचं.

त्याआधी दोन मिनिटं

डिकी रिकामी करा. खरंच. जॅक, पाना, स्टेपनी, पाण्याचा कॅन, सगळं बाहेर. सुटलेला जॅक वळणावर जो आवाज काढतो तो कित्येकदा झिजलेल्या बॉल जॉइंटपेक्षा जास्त पटण्यासारखा असतो. सीटखाली गडगडणाऱ्या बाटलीलाही हे लागू आहे.

आणि चाकांचे नट बघा. अलीकडे टायर बदलले असतील, पंक्चर काढलं असेल, तर हे आधी. ढिल्या नटांचं चाक हळू वेगात, वळताना टकटक करतं आणि ती टकटक हसण्यावारी नेण्याची नाही, कारण ढिला नट स्वतःहून आवळला जात नाही, उलट सुटतच जातो. पान्याने प्रत्येक नट तपासायला वेळ लागत नाही. एखादा जरी फिरला, तर सगळे समोरासमोरच्या क्रमाने, कंपनीने दिलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरवून दिलेल्या जोराला, आवळायचे आणि चाकाची भोकं अंडाकृती झाली नाहीत ना, ते पाहायचं.

उभ्या गाडीची चाचणी

आता पहिली घटना एकटी घडवायची. सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा म्हणजे पॉवर स्टेअरिंग काम करेल. दुसऱ्या कुणालातरी आत बसवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला सांगा. टोकाला धरून ठेवायचं नाही, नुसतं पोहोचायचं आणि परतायचं. तुम्ही बाहेर.

गाडी हलत नाही, म्हणजे वजन सरकत नाही आणि ॲक्सलही फिरत नाही. तरी आवाज आला, तर यादी एका झटक्यात लहान झाली: स्ट्रटचं वरचं माउंटिंग, तुटकी स्प्रिंग, स्टेअरिंगचा दांडा, रॅक, टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट.

यातलं वरचं माउंटिंग ओळखायला सगळ्यात मजेशीर. त्याच्यातलं बेअरिंग गंजून अडकलं, तर स्ट्रट खालून फिरतो, पण स्प्रिंगचं वरचं टोक जागीच अडून बसतं. स्प्रिंगला पीळ पडत जातो, पडत जातो आणि एका क्षणी तो पीळ सुटतो. आवाज येतो 'टण्णण्', जाड तार छेडल्यासारखा, कधी कधी पाठोपाठ दोन-तीन. तळहात स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला सपाट टेकवून ठेवा. बोटं वेटोळ्यांच्या मध्ये मुळीच घालायची नाहीत, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय आतल्या माणसाने स्टेअरिंग हलवायचं नाही. निरोगी स्प्रिंग हाताखाली तेल लावल्यासारखी सरळ सरकते. बिघडलेली थांबते, थरथरते आणि हातात उडी मारते. ती उडी एकदा जाणवली की दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. चालत्या गाडीतली खूण अशी, की वळण संपवून स्टेअरिंग सोडलं तरी ते सहजासहजी सरळ येत नाही, अर्ध्यात रेंगाळतं.

तिथेच आहात तर स्प्रिंगचं खालचं टोक टॉर्च मारून बघा. स्प्रिंग बहुधा शेवटच्या वेढ्याला, जिथे ती बशीत बसते आणि पाणी-चिखल साठतो, तिथेच तुटते. तुकडा बशीतच पडून राहतो, त्यामुळे लांबून सगळं साबूत दिसतं. दुसऱ्या बाजूच्या स्प्रिंगशी ताडून पाहा: टोक दोन्हीकडे एकाच जागी संपतंय का? तुटकं टोक टायरच्या जवळ आलं असेल, तर गाडी तिथून हलवू नका. असं टोक चालता टायर फाडू शकतं.

आवाज स्टेअरिंगवर धरलेल्या हातांना जाणवत असेल, तर संशय वर सरकवा. स्टेअरिंगचा दांडा सरळसोट नसतो. डॅशबोर्डखालून रॅकपर्यंत जाताना तो एक-दोन युनिव्हर्सल जॉइंटमधून वाकतो. हे जॉइंट झिजले की किंवा त्यांचा बोल्ट सैल झाला की बारीक 'टक्' हातात येते. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगच्या काही गाड्यांत मोटर आणि दांडा यांच्यामध्ये रबराचा छोटा तुकडा असतो. तो झिजला की स्टेअरिंग थोडं इकडे-तिकडे हलवलं तरी टकटक होते. दुखणं चाकाकडचं नसतं, तरी त्यापायी खालचे जॉइंट बदलले जातात.

टाय रॉड एंड आणि रॅक एंडसाठी, म्हणजे टाय रॉडच्या चाकाकडच्या आणि रॅककडच्या जॉइंटसाठी, याच मांडणीत थोडा बदल. आतल्या माणसाने स्टेअरिंग फक्त चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे असं भरभर हलवायचं. तुम्ही प्रत्येक जॉइंटवर पाळीपाळीने तळहात ठेवायचा. चांगला जॉइंट दोन्ही भाग एकजीव असल्यासारखा हलतो. झिजलेल्या जॉइंटमध्ये एक भाग आधी हलतो, दुसरा मागाहून, आणि त्या दोहोंतली फट हाताला 'टिक्' अशी लागते. डोळ्याला दिसणार नाही इतकी फट हाताला कळते. हात हे या कामातलं सगळ्यात स्वस्त आणि बिनचूक हत्यार आहे. मी तर कानापेक्षा हातावर दुप्पट विश्वास ठेवतो.

चालती गाडी

उभ्या गाडीत काहीच वाजलं नाही, तर रिकाम्या मैदानात चला. माणसाच्या चालीच्या वेगाने, स्टेअरिंग पूर्ण फिरवून, हलका ॲक्सिलरेटर देत गोल चक्कर मारा. दोन्ही दिशांनी. मग रिव्हर्समध्येही दोन्ही दिशांनी.

'कट-कट-कट-कट' असा माळेतल्या मण्यांसारखा एकामागून एक आवाज आला आणि वेगाबरोबर त्याची लय वाढली-घटली, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट. ही लयच त्याची ओळख. टायरचा घेर साधारण १.९ मीटर धरला, तर ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला दीड वेळा फिरतं आणि प्रत्येक फेरीत जॉइंटमधले गोळे झिजलेल्या खाचांवरून जातात. फोर्डमध्ये काम करणाऱ्या अल्फ्रेड झेप्पाने १९२०च्या दशकात सहा गोळ्यांचा हा जॉइंट शोधून काढला. पुढची चाकं ओढणारी छोटी गाडी घरोघरी पोचली ती १९५९च्या मिनीपासून, आणि तिच्यातही याच जातीचे जॉइंट होते. इतक्या वर्षांत रचना फारशी बदलली नाही आणि मरणाची रीतही तीच: जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटतं, ग्रीस उडून जातं, रेती आत शिरते. म्हणून चक्कर मारायच्याही आधी चाक वळवून आतल्या बाजूला बघा. रिमच्या आतल्या भिंतीवर आणि प्लास्टिकच्या लायनरवर काळ्या ग्रीसचा कमानीसारखा शिंतोडा दिसला, तर निदान तिथेच झालं. नुसतंच बूट फाटलंय आणि आवाज अजून नाही, तर स्वतःला नशीबवान समजा: जॉइंट धुऊन, नवं ग्रीस आणि नवं बूट घालून वाचू शकतो. एकदा कटकट सुरू झाली की ग्रीसने काही होत नाही.

एकच 'खट्' आणि मग शांतता, तर तो सीव्ही जॉइंट नव्हे. तिथे दुसरी घटना कामाला लागली आहे, वजनाची. आणि तिच्यातला सगळ्यात सराईत गुन्हेगार म्हणजे ज्याने मला फसवलं तो लिंक रॉड.

वळताना गाडी एका बाजूला कलू नये म्हणून डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारी एक जाड पोलादी कांब आडवी असते, स्टॅबिलायझर बार. तिचं एकेक टोक लिंक रॉडने स्ट्रटला किंवा लोअर आर्मला बांधलेलं असतं. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली, तर कांब नुसती वर-खाली होते, तिला पीळ पडत नाही, लिंक रॉडवर ताण येत नाही. एकच चाक उचललं की मात्र कांब पिळली जाते आणि लिंक रॉड ओढला जातो. यातच चाचणी दडलेली आहे. रुंद स्पीडब्रेकरवरून अगदी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील असं जा. मग त्याच वेगाने फक्त एक चाक उंचवट्यावर जाईल असं जा. पहिल्या वेळी शांत आणि दुसऱ्या वेळी 'खडखड', तर लिंक रॉड नाहीतर कांबेला धरून ठेवणारी रबरी बुशं. माझी गाडी अगदी हेच करत होती. अर्धा रस्ता उखडलेला असला की वाजायची, चांगल्या स्पीडब्रेकरवर चकार शब्द नाही. मी तेव्हा 'शॉकअप असला तर स्पीडब्रेकरवर वाजायला नको का' असा साधा प्रश्न स्वतःला विचारला असता, तर सुटलो असतो.

लिंक रॉड हाताने तपासताना एक गोष्ट लोकांना माहीत नसते. गाडी एका बाजूने जॅकवर उचलली की कांब पिळली जाते, लिंक रॉड ताठ होतो आणि झिजलेला जॉइंटसुद्धा घट्ट वाटतो. 'हलवून बघितला, चांगला आहे' हा निर्वाळा असाच चुकतो. दोन्ही पुढची चाकं सारख्याच उंचीवर हवीत: एकतर दोन्ही जमिनीवर, नाहीतर दोन्ही रॅम्पवर. मग स्टेअरिंग वळवून चाकामागे हात घाला, रॉड मुठीत धरा आणि झटका द्या. बाद झालेला रॉड मुठीतच 'टक-टक' करतो. तरी शंका उरली, तर दोन्हीकडचे लिंक रॉड एका टोकाला सोडून, मोकळं टोक तारेने नीट बाजूला बांधून, रिकाम्या जागी अगदी हळू चक्कर मारा. आवाज गेला, तर विषय संपला. फक्त या अवस्थेत गाडी वळणावर नेहमीपेक्षा बरीच जास्त कलते, म्हणून हा प्रयोग रहदारीत करायचा नाही.

ब्रेक लावताना किंवा सुटताना 'धप्' असा जाड, रबरी आवाज येतो आणि वळताना ब्रेक लावला की हमखास येतो, तर लोअर आर्मचं मागचं बुश बघा. रबर फाटलेलं असेल तर चाक सगळं मिळून थोडं मागे-पुढे सरकतं. आर्म आणि बॉडी यांच्यात टॉमी, म्हणजे लांब पोलादी कांब, घालून हलका जोर दिला की फाटलेलं बुश तोंड उघडतं. शेजारीच सबफ्रेमचे मोठे बोल्ट आहेत, त्यांच्या डोक्याभोवतीची धूळ बघा. सगळीकडे मळ आणि बोल्टच्या एका कडेला चंद्रकोरीसारखी चकचकीत, घासलेली पट्टी दिसली, तर तो भाग सरकतो आहे. पूर्वी कधी क्लच किंवा गिअरबॉक्सच्या कामासाठी सबफ्रेम उतरवली असेल, तर इथे जास्तच बारकाईने पाहायचं.

इंजिनाची माउंटिंगही असाच आवाज काढतात, पण ती गाडी उभी असतानाही पकडता येतात: ब्रेक दाबून ठेवून गिअर पुढे-मागे टाकला की इंजिन डोलतं आणि 'धप्' होते. ब्रेक कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारी पकड, ढिला असेल, तर ब्रेकवर नुसता हलका पाय टेकवला की खडखड थांबते. या दोघांचा सस्पेन्शनशी संबंध नाही, त्यामुळे इथेच सोडतो.

ज्याला वाट बघायला लावायची नाही

बॉल जॉइंटला मी मुद्दाम वेगळं ठेवलंय. लिंक रॉड तुटला तर गाडी कलेल आणि खडखडेल. लोअर आर्मचा बॉल जॉइंट निसटला, तर चाक गाडीखाली दुमडतं आणि त्या क्षणी स्टेअरिंगला काही अर्थ उरत नाही. टाय रॉड एंड निसटला तर ते चाक तुमचं ऐकणंच सोडतं. त्यामुळे या दोन्हींत ढिलेपणा सापडला की गाडी चालवत गॅरेजला नेण्यापेक्षा गॅरेज गाडीकडे आणावं किंवा गाडी उचलून न्यावी.

तपासणीसाठी गाडी जॅकवर उचला, पण त्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. खाली घोडी, म्हणजे गाडीचा भार पेलणारा स्टँड, लावा, मागच्या चाकांना अडण लावा. मग चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवा. नंतर तीन आणि नऊच्या जागी. फक्त तीन-नऊला हलत असेल, तर बहुधा स्टेअरिंगचे जॉइंट. बारा-सहालाही हलत असेल, तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. या दोघांत निवाडा करायचा सोपा उपाय म्हणजे कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगणं. ब्रेकने चाकाचा हब, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा मधला भाग, आणि नकल एकत्र बांधले जातात, त्यामुळे हलणं थांबलं तर दोष बेअरिंगमध्ये होता. ब्रेक दाबूनही हलत राहिलं, तर दोष त्याच्या पलीकडे, बॉल जॉइंटमध्ये. बेअरिंगचा स्वभावही निराळा आहे. ते 'खट्' क्वचितच करतं, एरवी घरघरतं आणि वळताना घरघर वाढते किंवा कमी होते.

मॅकफर्सनवाल्या गाडीत चाक लटकतं ठेवून आर्म आणि नकल यांच्यामध्ये टॉमी घालून वर-खाली जोर द्या आणि जॉइंटच्या मानेकडे बघा. ज्या गाड्यांत स्प्रिंग थेट लोअर आर्मवर बसते, तिथे जॅक आर्मच्याच खाली लावावा लागतो, नाहीतर स्प्रिंगच्या रेट्याने जॉइंट घट्ट दाबलेला राहतो आणि दोष लपतो. बॉल जॉइंट मरण्याआधी बहुधा कुरकुरतो. रबर फाटून आत पाणी गेलं की स्टेअरिंग फिरवताना 'कुईं' ऐकू येतं. 'खट्' त्याच्यानंतरची पायरी.

दुरुस्तीनंतरही वाजतंय

नवा भाग बसवला आणि आवाज तसाच राहिला किंवा नवाच सुरू झाला, हा अनुभव दुर्मिळ नाही. कधी निदान चुकलेलं असतं. पण कित्येकदा निदान बरोबर असतं आणि आवळणं चुकलेलं असतं. स्ट्रटच्या डोक्यावरचा नट अर्धवट आवळलेला राहिला तर प्रत्येक खड्ड्यात 'टक्' येते. लिंक रॉडचा नट आवळताना आतला बॉल नटाबरोबरच गरगर फिरतो. वरून वाटतं आवळला गेला, प्रत्यक्षात तो सैलच असतो. बॉलची दांडी वेगळ्या चावीने धरून ठेवावी लागते.

आणि बुशांची गोष्ट. लोअर आर्मचं रबरी बुश आतल्या आणि बाहेरच्या पोलादी नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा आत काही सरकत नाही, रबर नुसतं पिळलं जातं आणि परत येतं. आता गाडी लिफ्टवर आहे, चाकं लटकताहेत, आर्म खाली झुकलाय आणि त्याच अवस्थेत बोल्ट कचकून आवळला. गाडी खाली उतरली की आर्म वर येतो, पण रबराची 'सरळ' स्थिती झुकलेल्या जागी ठरून गेलेली. म्हणजे गाडी नुसती उभी असतानाही ते बुश पिळलेलंच. असं बुश लवकर फाटतं, आणि मग 'पार्ट डुप्लिकेट निघाला' म्हणून बिचाऱ्या पार्टवाल्याला शिव्या. नियम एवढाच, की बुशातून जाणारा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर असताना, टॉर्कच्या पान्याने. काम करून घेताना हे एक वाक्य मेकॅनिकला आधी विचारून बघा: 'हे बोल्ट गाडी खाली घेऊन आवळणार ना?' त्याच्या चेहऱ्यावरून बरंच काही कळतं.

स्ट्रटची स्प्रिंग उतरवण्याचं काम मात्र घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती माणूस मारू शकते. टाय रॉड एंड, स्ट्रट किंवा लोअर आर्म बदलला, तर नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावीच लागते.

गॅरेजला जाताना 'पुढून आवाज येतो' असं सांगू नका. चाचण्या केल्यावर तुमच्याकडे याहून चांगलं वाक्य असतं: 'उभ्या गाडीत येत नाही, हळू वेगात उजवीकडे वळताना एकदाच खट् येतो, एक चाक खड्ड्यात गेलं तर येतो, दोन्ही गेली तर येत नाही, ब्रेकवर पाय ठेवून फरक पडत नाही.' हे ऐकल्यावर चांगला मेकॅनिक थेट लिंक रॉडला हात घालेल.

माझी गाडी अजूनही एक आवाज काढते. रिव्हर्स घेऊन पुढे निघालो आणि पहिला ब्रेक लावला की एकच बारीक 'टिक्'. दिशा बदलली की ब्रेकचे पॅड आपल्या खोबणीत केसभर पुढे सरकतात, त्याचा तो आवाज. तो तपासून झाला आहे, पॅड आणि कॅलिपर दोन्ही शाबूत आहेत. म्हणून तो मी तसाच ठेवलाय.